दिनूची अटक

पोलिसाने दिनूचा दंड धरला तेव्हा रस्त्यावरची माणसं हसली.

नाटकांत मी बरीच वर्षं त्याची बायको होते. तो नुसता दारातून आत आला तरी हशा पिकायचा. मग त्याच्या गावच्या विहिरींत कारखान्याचं घाण पाणी उतरलं, आणि दिनू नाटक सोडून गावकऱ्यांबरोबर आंदोलनाला बसला.

त्या दुपारी कलेक्टर कचेरीसमोर मी त्याला भेटायला गेले होते. "आमच्या लेकरांच्या अंगावर फोड उठलेत," असं सांगताना त्याचा आवाज चिरकला आणि कुणीतरी फिसकन हसलं. तो थांबला, घाम पुसून तेच वाक्य पुन्हा म्हणाला. इतकं थकलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

मग पोलीस आले.

"कुठलं शूटिंग आहे हो?" शेजारच्या बाईंनी मला विचारलं.

"शूटिंग नाही. खरंच पकडलंय त्यांना."

त्यांनी मला निरखून पाहिलं. "अगंबाई! तुम्ही त्यांची नाटकातली बायको ना?" आणि त्या आणखीच हसू लागल्या.

रागवायचं त्राण माझ्यात नव्हतं. त्या प्रेमानेच हसत होत्या. ज्याने आपल्याला हसवलं, त्याचं दुःख आपल्याला खरं वाटतच नाही. त्याला मात्र ते रोज नव्याने सांगावं लागतं.

गावकऱ्यांपाठोपाठ मीही गुडघ्यावर हात टेकत पोलिसांच्या व्हॅनमध्ये चढले.

"तू कशाला आलीस?" दिनू म्हणाला.

"सरक जरा. उभं राहवत नाही."

तो सरकला. आम्ही शेजारी बसलो, आणि बाहेर लोकांनी टाळ्या वाजवल्या.