तरोट्याची वैरीण

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गवतातलं तण, तरोटा, उपटणं. श्रावण सरत आला होता. रात्री पाऊस पडून गेला, आणि तांबडं फुटायच्या आत हिनं मला हलवलं. "उठा, आज माती मऊ शे." बरडीवरच्या आमच्या मुरमाड तुकड्यात शेजारी शेजारी बसलो. थोड्या वेळानं ही पुढं गेली, मी मागं राहिलो. नेहमीचंच. ही परत मागं आली, माझ्याकडची जागा पाहिली आणि म्हणाली, "तुम्ही तरोटा उपटतस का बैलनं शेपूट वढतस?" मी चिडलो. ती हसली नाही. गवताचं एक ठोंब माझ्या हातून निघालं होतं, ते तिनं पुन्हा मातीत बसवलं, टाचेनं दाबलं, आणि पुढं सरकली.

दुपारी घरी आलो. ती पाणी प्यायली, गोठ्याच्या खांबाला टेकली, छातीवर हात ठेवला. मी भाकरी घेऊन बाहेर आलो तोवर संपलं होतं. दिवस मावळायच्या आत नदीवर नेऊन सगळं उरकून आलो. लोक म्हणाले, रडा, मन मोकळं करा. मला रडू आलं नाही. राग आला. अजून येतो. मी चौथी शिकलेला माणूस, लिहिणं माझं काम नाही. पण ही बाई कशी होती ते सांगितल्याशिवाय तो राग बसायचा नाही.

गाव हिला तरोट्याची वैरीण म्हणायचं. ज्यांच्या बांधावर तरोटा उगवतो त्यांना सांगायला नको. डोळे मिटून उघडेस्तोवर मांडीएवढा होतो, पिवळं फूल धरतो, मग लांब शेंगा. शेंग वाळून तडकली की पुढच्या साली एकाचे शंभर. आणि गुरं त्याला तोंड लावत नाहीत.

आता हिचं वैर का ते सांगतो. मोठाभाऊ आणि मी वेगळे निघालो तेव्हा काळी जमीन भाऊकडं गेली आणि ही बरड माझ्याकडं आली. कागदावर सगळं भाऊच्याच नावाचं, वहिवाट तेवढी माझी. बरडीवर पवन्या गवत. त्या गवतावर आमची बैलजोडी आणि एक म्हैस जगायची, आणि त्यांच्यावर आम्ही. भाऊ अंगणात उभा राहून म्हणाला होता, "गवत शे तवलोंग तुकडा तुन्हा. तरोटा माजना का मी नांगर घाली दिसू." ही आत पीठ मळत होती. तिनं ऐकलं आणि त्या दिवसापासून वैर धरलं.

गवतात तिनं कधी विळा नेला नाही, खुरपं नेलं नाही. म्हणायची, "इळाले काय समजस, कोन आपलं आन् कोन परकं?" डाव्या हाताच्या दोन बोटांनी गवत बाजूला दाबून धरायची, उजव्या हातानं तरोटा मानेशी पकडायची आणि सरळ वर. मुळी अख्खी यायला पाहिजे. मध्येच तुटला की खालून चार फांद्या फोडतो. मग टाच दाबायची. उघडी माती दिसली की तरोट्याला आवतनच. जमीन वाळलेली असली तर हातच लावायची नाही, पावसाची वाट बघत घरात धुसफुसत बसायची.

आमच्याकडं धाकट्याची बायको जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलत नाही. समोर आला तर पदर पुढं, तोंड भिंतीकडं. मी भाऊसमोर तोंड उघडायचो नाही, हिला उघडता येत नव्हतं. म्हणून ही तरोट्याशी बोलायची. भाऊ बांधावरून चालला की हिचा आवाज चढायचा. एकदा भाऊ पोळ्याला निघाला होता, डोक्यावर पिवळा फेटा. ही गवतात बसून तरोट्याला म्हणते, "पोटभर खास, दुसराना तोंडना घास वढस, आन् वरतून पिवळा फेटा बांधीसन मिरवस! लाज नही तुले?" भाऊ थांबला. तरोट्याचा कान धरून ती पुढं सरकली. भाऊनं काय करावं? तरोट्याच्या बाजूनं भांडावं? गेला तसाच पोळ्याला. मी खाली मान घालून हसत होतो.

तरोटा यायचा तो भाऊच्या बांधावरून. भाऊ बांध साफ करायचा नाही, मुद्दाम करायचा नाही, हे मी आज छातीठोक सांगतो. एका आषाढात हिनं त्याच्या बांधावरचा कोवळा पाला खुडून आणला आणि भाजी केली. वाटीभर जेठानीच्या, भाऊच्या बायकोच्या, हाती भाऊच्या ताटाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. महिना होत आला तसा भाऊ अंगणात ओरडला, "लहान्या, सांग तिले, आते बस कर म्हना!" भिंतीआडून ही हातातल्या पातेल्याला म्हणाली, "बांध साफ व्हयना का भाजी बंद." जेठानी पदर तोंडात कोंबून आत पळाली. बांध त्या साली साफ झाला. फक्त त्या साली.

दुष्काळी दिवसांत भाऊनं युक्ती सुचवली. "गुरं सोड ना तठे. निंदन बी खातीन, गवत बी." दुष्काळात भुकेली गुरं तरोटाही खातील, मला पटलं होतं. हिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी जोडी परत बांधली. म्हणाली, "गुरं येडी शेतस का? त्या गवत खातीन आन् तरोटा आपले ठेवतीन. मंग तुम्हना भाऊ नांगर लई ईन." राग आला की ती अशीच सरळ बोलायची. गोड बोलणं तिला जमलं नाही. मला बोलून तर ती रोज घायाळ करायची. मीही करायचो. संसार चालला.

गेल्या दोन वर्षांत भाऊच्या विहिरीवर इंजिन बसलं. संकरित ज्वारीचं बियाणं आलं. भाऊची नजर बरडीवर. हिचे गुडघे गेले होते. ती बसल्या बसल्या सरकायची. मी म्हणायचो, जाऊ दे. ती म्हणायची, "म्हैसले तुम्ही सांगा, जाऊ दे म्हनीसन."

त्या संध्याकाळी नदीवरून परत आलो. दारच्या निंबाखाली माणसं बसली. कोणी म्हणालं, सुटली बिचारी. कशातून सुटली रे? तुम्हाला कोणी सांगितलं तिला सुटायचं होतं?  मग भाऊ माझ्या खांद्यावर हात ठेवून, सगळ्यांच्या समोर, मऊ आवाजात म्हणाला, "आते तुन्हाच्यानं व्हवाव नही. सुतक सरू दे, तो तुकडा नांगरी टाकूत." सुतकात वावरात जायचं नाही. तरोट्याला फूल लागलेलं. दिवस सरेस्तोवर शेंगा धरणार. भाऊला हे ठाऊक होतं. त्याचा हात खांद्यावरच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भेटायला माणसं यायच्या आधी मी बरडीवर गेलो. बसलो आणि उपटायला लागलो. उन्हं वर आली तसा भाऊ बांधावर आला. "लहान्या! सुतकमा वावरमा? लोके काय म्हनतीन?"

मी उभा राहिलो. जन्मात पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाहून बोललो. "भाऊ, अठे तरोटा दखाड. दखाडा तर नांगर मीच धरसू."

"हाऊ काय शे?" त्यानं माझ्या पायाजवळ बोट दाखवलं.

मी वाकलो, उपटला. "कोठे शे?"

"आन् हाऊ?"

तोही उपटला. "कोठे शे?"

भाऊ बोट दाखवत गेला, मी उपटत गेलो. एकही गवताचं ठोंब सोबत आलं नाही. भाऊ संतापानं लाल झाला होता, पण बोट दाखवायचं थांबेना. निंबाखाली माणसं जमली असतील, आमची वाट बघत असतील. बघू दे. शेवटी भाऊचं बोट खाली आलं. तो बांधावर बसला. मी पुढच्या तरोट्याकडं सरकलो.