कापलेल्या केसांची डॉक्टरीण

व्हेटर्नरीच्या शेवटच्या वर्षाला असताना एका अडलेल्या म्हशीला सोडवताना माझी वेणी खांद्यावरून घसरून शेणारक्तात पडली. हात कोपराच्या वरपर्यंत आत होता, त्यामुळं ती उचलायचीही सोय नव्हती. मागं उभी असलेली मुलं हसली. आठवड्यानं मी परभणीतल्या एका पार्लरमध्ये गेले आणि केस बारीक कापून द्या म्हणाले. पार्लरवालीनं आधी टायफॉइड झाला होता का ते विचारलं, मग नवस होता का विचारलं, आणि शेवटी खांद्यापर्यंत कापून हात आखडता घेतला. "यापेक्षा बारीक मी न्हाई करणार, उद्या तुमची आई भांडायला येईल." मग मी बसस्टँडमागच्या पुरुषांच्या सलूनमध्ये जाऊन उरलेलं काम करून घेतलं. आई भांडायला कुठं गेली नाही. तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, एवढंच.

पूर्णा तालुक्यात माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा केस तसेच होते. परभणीहून सकाळच्या पॅसेंजरनं चुडाव्याला उतरायचं आणि तिथं लावून ठेवलेल्या स्कूटीवर दवाखाना गाठायचा. दवाखान्यात मी आणि एक परिचर. परिचर पन्नाशी ओलांडलेले, पांढरे केस नीट मागं फिरवलेले, चष्मा, थोडं पोट. मी डॉक्टरच्या खुर्चीत बसलेली असायचे आणि माणसं दारातूनच त्यांना नमस्कार करायची. "साहेब, वासराला हगवण लागलीय."

"मॅडमला सांगा," परिचर म्हणायचे.

माणूस माझ्याकडं बघायचा, डोक्यावर नजर थांबायची, आणि पुन्हा त्यांच्याकडंच वळून पुढचं सांगायचा. सुरुवातीला परिचर संकोचायचे. पुढं पुढं ऐकून घेऊ लागले, मान डोलावू लागले. मी औषध लिहायचे, ते समजावून सांगायचे. गावात त्यांच्या हाताला गुण आहे अशी बोलवा झाली. एकदा ते मला म्हणाले, "मॅडम, राग येऊ देऊ नका. पण जरा केस वाढवले तर बरं होईल. लोकांना कळत न्हाई, तुमी कोण हाव ते."

मला राग आला. मी वाढवले नाहीत.

तुरीची काढणी चालली होती, त्या दिवसांतली गोष्ट. सकाळी दहाच्या सुमाराला एका बाईचा फोन आला. गाय अडलीय, पहिलारू आहे, पहाटेपासून कळा देतेय, आता थकलीय. पाय दिसतात, तोंड दिसत नाही. बाई व्यवस्थित सांगत होती. एवढ्यावरून मला अंदाज आला की वासराची मान मागं वळलेली असणार. हे माझं आवडतं काम होतं. माझा हात बारीक आणि लांब आहे. वासराला जरा मागं ढकलून, जबड्यात बोटं घालून तोंड वळवून आणायला असा हात लागतो.

मी स्कूटीवर आणि परिचर बॅग घेऊन त्यांच्या मोटारसायकलवर, असे आम्ही पोचलो. घराच्या दारात मालक उभे होते. कपाळावर भस्माच्या रेघा, अंगात पांढराशुभ्र सदरा. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मागून येणाऱ्या परिचरांना म्हणाले, "या साहेब. ह्या पोराला कशाला आणलं सोबत?"

"आप्पा, ह्या मॅडम हायत. ह्याच डॉक्टर."

आप्पांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. "शिकायला आलेल्या दिसायलेत. साहेब, तुमीच हात घाला."

"मी डॉक्टर न्हाई, आप्पा," परिचर खाली बघत म्हणाले. हे वाक्य त्यांनी या वर्षभरात पहिल्यांदाच कुणाला तरी स्पष्ट सांगितलं असेल.

"मग ऱ्हाऊ द्या. आमी पूर्ण्याहून डॉक्टर बोलावलाय. यायलेत ते."

फोन करणारी बाई, म्हणजे आप्पांची बायको, गोठ्याच्या तोंडाशी उभी होती. तिला आक्का म्हणत. ती हळूच म्हणाली, "त्यांना यायला टाईम हाय. ह्या आल्याच हायत तर बघू द्या की एकदा."

"तुला कुणी इचारलं?" आप्पा म्हणाले.

मी तिथं हट्ट करू शकले असते. मी सरकारी डॉक्टर होते, चार शब्द जोरात बोलले असते तर त्यांनी मला आत जाऊ दिलं असतं, असं मला आजही वाटतं. पण माझा अपमान झाला होता आणि तो मला गाईपेक्षा मोठा वाटला. बोलावतील तेव्हाच जाईन, असं मनाशी म्हणत मी ओट्यावर बसून राहिले. आतून गाईचं कण्हणं ऐकू येत होतं. लाल कंधारी गाय होती, अंगानं देखणी. दारातून तिची पाठ तेवढी दिसायची.

दीड तासानं पूर्ण्याचे डॉक्टर आले. करड्या रंगाची सफारी, काळेभोर रंगवलेले केस, तेल लावून सरळ भांग पाडलेला, गळ्यात नळी. ते कुठं काय शिकले होते मला ठाऊक नाही. आप्पा त्यांच्या पुढं पुढं चालले. डॉक्टरांनी गोठ्यात शिरताना बाही दुमडली, हात आत घातला, लगेच बाहेर काढला आणि म्हणाले, "चार गडी बोलवा. दोरी आणा."

मी ओट्यावरून उठले. "आधी तोंड कुठं आहे बघा. मान वळलेली असणार. तसंच ओढलं तर पिशवी फाटेल."

त्यांनी माझ्याकडं न बघता आप्पांना विचारलं, "हे कोण?"

"शिकाऊ हाय," आप्पा म्हणाले.

चार गड्यांनी पायाला दोरी लावून ओढलं. मी परिचरांकडं बघितलं, ते भिंतीकडं बघत होते. वासरू आलं ते मेलेलंच, मान पाठीवर मुडपलेली. त्याच्यामागून रक्त आलं आणि ते थांबेना. गाय एकदा उठायला गेली, पुन्हा बसली. तासाभरात तिनं मान टाकली. तोवर सफारीवाले डॉक्टर हात धुऊन, चहा घेऊन गेलेही होते. जाताना म्हणाले, "उशीर झाला. दवाखानेवाल्यांनी सकाळीच काहीतरी करायला पायजे होतं."

आक्का गाईच्या डोक्याशी बसली होती. तिनं मला विचारलं, "तुमच्या हातानं सुटली असती का ओ?"

"सांगता येत नाही," मी म्हणाले. खोटं बोलले. नव्वद टक्के सुटली असती, निदान गाय तरी वाचली असती. पण ते सांगितलं असतं तर मी ओट्यावर का बसून राहिले, हेही सांगावं लागलं असतं.

आठ दिवसांत आसपासच्या गावांत झालं की मॅडम आल्या आणि आप्पाची गाय गेली. परिचरांच्या कानावर हे यायचं. त्यांनी ते कुठं खोडल्याचं मला माहीत नाही. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाला लोकांनी त्यांना शाल, श्रीफळ दिलं आणि एकानं भाषणात त्यांना "आपले डॉक्टर साहेब" म्हटलं. मीही टाळ्या वाजवल्या.

मी केस वाढवायला घेतले. कुणी सांगितलं म्हणून नाही, असं मी स्वतःला बजावत होते. दोन वर्षांत वेणी आली, तिचा अंबाडा घालू लागले. टिकली लावू लागले, डोळ्यांना चष्मा लागला होता तो जाड काळ्या काड्यांचा घेतला. दवाखान्यात गर्दी होऊ लागली. माझ्या शिकण्यात, हातात, औषधांत काहीही फरक पडला नव्हता. बाया मला त्यांच्या गुडघेदुखीचंही विचारू लागल्या.

तिसऱ्या वर्षी आप्पांच्या घरून पुन्हा फोन आला. आवाज आक्काचाच. यावेळी वासराचा मागचा भाग पुढं आला होता, पाय आतच अडकलेले. आप्पा दारात होते. "या मॅडम, या," म्हणत त्यांनी स्वतः गरम पाण्याची बादली उचलून आणली. अंबाड्यावर रुमाल बांधून मी गोठ्यातल्या चिखलात आडवी झाले. वासराला आत ढकलून एकेक पाय दुमडून बाहेर घेतला. पाऊण तास लागला. कालवड झाली, जिवंत. नाकात काडी फिरवल्यावर शिंकली.

आप्पा खूश झाले. "लय गुणाचा हात हाय तुमचा. तुमच्या आधी इथं एक पोरगी व्हती, पोरावानी केस कापलेली. तिच्यापायी आमची गाय गेली, लय देखणी गाय. तुमी तवा असत्या तर वाचली असती."

मी हात धूत होते. म्हणाले, "आप्पा, ती मीच होते."

ते हसले. "चेष्टा करायलाव का? ती वायली. तिला मी चांगली बघितलीय."

"मीच होते. तुम्ही मला ओट्यावर बसवलं होतं."

"न्हाई हो मॅडम," ते समजूत घातल्यासारखं म्हणाले. "तुमी कुठं, ती कुठं."

ते चहाचं सांगायला आत गेले. आक्का कालवडीचं अंग पुसत होती. ती वर न बघता म्हणाली, "मी तर तुमाला मागंच वळखलं. दवाखान्यात औषधाला आले व्हते तवाच."

"मग आप्पांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर आज तुमाला बोलवू दिलं असतं का?"

कालवड उभी राहायची धडपड करत होती. मी आक्काला सांगितलं, संध्याकाळपर्यंत वासरामागची वार पडायला हवी, नाही पडली तर उद्या सकाळी फोन करा. ती बरं म्हणाली.