नव्या उजेडातला जुना तांदूळ

तांदळाच्या पोत्यांवर लोळत मोठा झालेला माणूस नागपूरच्या शोरूममध्ये उभा राहून ‘तांदूळ काय, पांढराच असतो’ असं म्हणाला, तर त्याला काय म्हणाल? मला जे म्हणायचं ते माझ्या वडिलांनी, बाबूजींनी, नंतर म्हटलंच, आणि ते इथं छापण्यासारखं नाही.

गोंदियाच्या बाजारात आमचं दुकान. आजोबांपर्यंत आम्ही नुसते धान पिकवणारे. बाबूजींनी शेती भावांवर सोडली आणि तांदूळ विकायला बसले. दुकानात एकच ट्यूबलाइट होती. तिच्यावर कोंड्याचा असा थर, की ती लागली आहे की नाही हे बटण पाहून ठरवावं लागे. म्हणून गिऱ्हाईक पोत्यात हात घालायचं, मूठभर तांदूळ घ्यायचं आणि दारात उन्हात जाऊन तळहात उघडायचं. जुना तांदूळ किंचित पिवळट, नवा दुधासारखा. जुन्याचा भात मोकळा होतो, नव्याचा गोळा. लग्नाच्या पंगतीत गोळा झाला की सोयरे नवरीचं नाव विसरतील, भात विसरणार नाहीत.

ही दारापर्यंतची ये-जा मला गावठी वाटायची. चाळिशीला टेकलो होतो, दुकान ‘आपल्या पद्धतीनं’ चालवायची हौस होती. बाबूजी मात्र गल्ल्यावरून उठायचं नाव घेत नव्हते. शेवटी त्यांच्या दोन्ही डोळ्यांतल्या मोतीबिंदूंपैकी एकाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर धुळीत जायचं नाही म्हणून सांगितलं. तांदळाच्या दुकानात धुळीशिवाय असतं काय! त्यांच्या डोळ्याला पट्टी बांधली गेली आणि माझ्या अकलेची सुटली.

मी सकाळच्या गाडीनं नागपूर गाठलं. एलईडी दिवे तेव्हा आमच्याकडे नवे होते. त्या शोरूममध्ये छताला एक काळी पट्टी होती, रुळासारखी, आणि तिला छोटे छोटे दिवे लटकलेले. दिवा धरून सरकवायचा, मान वळवायची, हवा तिथं उजेड पाडायचा. विक्रेता म्हणाला, “ट्रॅक लाइट, सर.” मग त्यानं बाकीचे दिवे मालवले आणि एकाचा झोत कोपऱ्यातल्या साध्या मातीच्या माठावर टाकला.

मी तोंड उघडं टाकून पाहत राहिलो. उन्हाळाभर आपण ज्याचं पाणी पितो तो माठ! त्याच्या अंगावर कुंभाराच्या बोटांच्या रेषा होत्या, आणि त्या मला जन्मात दिसल्या नव्हत्या.

“क्या बेचते हैं सर? ज्वेलरी?”

“तांदूळ.”

माणूस हुशार होता. “तो वॉर्म ही लीजिए सर, पीली वाली. सोना लगेगा. वैसे थोडा माल लाए हैं क्या? लाइट के नीचे रखके देख लेते.”

तेव्हा मी ते सुरुवातीचं वाक्य बोललो.

दुकानाला रंग दिला, पोती हटवली, उघड्या लाकडी पेट्या केल्या, वर पट्टी बसवून नऊ दिवे लावले. पेट्या भरताना हमालानं विचारलं, “जुना कोन्त्या पेटीत टाकू गा भाऊ?” हा आमचा म्हातारा हमाल, बाबूजींच्याच वयाचा. पोती तर गोदामातून सगळी एकत्रच आणून ठेवलेली. मी रुबाबात एकेका पोत्यातली मूठ घेतली, एकच नवा दिवा लावून त्याखाली धरली, डोळे बारीक केले आणि सांगत गेलो, “हा इकडे. तो तिकडे.”

संध्याकाळी नऊही दिव्यांचं बटण दाबलं.

आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो. पेट्यांमधून नऊ डोंगर उठले. पोत्यात तांदूळ म्हणजे एक ढीग असतो. इथं दाणा न दाणा वेगळा होता, प्रत्येकाला आपली सावली होती, टोकाला एक ठिणगी होती. चिन्नोर जातीचा बारीक दाणा तर आतून पेटल्यासारखा. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही हेच पिकवत, कांडत, विकत, खात आलो होतो, आणि हे कोणी पाहिलंच नव्हतं? आमचा हमाल दारात आला, आत पाहिलं आणि चपला काढल्या.

“काऊन गा, चपला कायले काढल्या?” मी विचारलं.

“मले वाटलं देव बसवून राहिला तू,” तो म्हणाला. पुढचे आठ दिवस तो अनवाणीच पोती वाहत होता.

मग शेजारच्या मुर्री गावच्या मावशी आल्या. नात्याच्या नाहीत, पण बाबूजींकडून तांदूळ नेता नेता त्यांचे केस पिकले होते. धाकट्या मुलीचं लग्न होतं, दोन क्विंटल जुना तांदूळ हवा होता. त्यांनी सवयीनं मूठ भरली आणि दाराकडे वळल्या. मी आडवा झालो. “मावशी, आता दारात जायचं काम नाही. ऊन आपण आतच आणलं आहे!”

त्यांनी दिव्याखाली तळहात उघडला. बराच वेळ पाहत राहिल्या. “अरे बाप्पा! दाना दाना दिसते गा! असा तं मी कधी पाहालाच नाही.” आणि तांदूळ घेऊन गेल्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी, दुपारी, बाबूजी काळा चष्मा लावून दुकानात हजर. डॉक्टरांना विचारलं नव्हतं. ते गल्ल्यावर बसले नाहीत, दिव्यांकडे पाहिलं नाही. सरळ जुन्याच्या पेटीत हात घातला, दोन दाणे दाढेखाली धरले. वाळलेला जुना दाणा तुटतो तसा कट्‌ आवाज आला नाही. त्यांनी दुसऱ्या पेटीतले दाणे चावले. आता आला.

“हा नवा होय. तो जुना होय. कोनं भरलं?”

“बाबूजी, रंग पाहा ना, हा पिवळट...”

“इथं तं तूही पिवळाच दिसून राहिला. मुर्रीवाल्या बाईले कोन्ता देल्ला?”

मी पहिल्या पेटीकडे बोट दाखवलं. म्हणजे पंगतीत भाताचा गोळा. उद्या सकाळी तिथं चुली पेटणार होत्या.

एवढ्यासाठी मी देवाचे आभार मानतो: बाबूजींनी शिव्या दिल्या त्या टेम्पोत बसल्यावर, आधी जुन्याची पोती चढवली. मुर्री गोंदियाला लागूनच आहे, पण तो रस्ता मला दूरच्या बोदलकशाच्या तलावाला फेरा घालून गेल्यासारखा वाटला.

मांडव घातला होता. अंगणात उन्हात बायका सुपं घेऊन तांदूळ निवडत होत्या. आमचाच तांदूळ. उन्हात तो दुधासारखा पांढरा होता, लांबून दिसत होता. आंधळ्यालाही दिसला असता, मला दिसला नव्हता.

बाबूजींनी हात जोडले. “बाई, तांदूळ बदलवाले आलो. पोरानं नवा देल्ला तुमाले.”

मावशींनी सूप खाली ठेवलं. “मले काल सुपात घेतला तवाच वाटलं जी. पन म्हटलं, तुमच्या दुकानचा होय, तं चूक माझ्या नजरेचीच असन. आता वय झालं माझं.”

हे ऐकून जमिनीत जागा मिळाली असती तर मी गेलो असतो. माझ्या नऊ दिव्यांनी एका बाईचा स्वतःच्या धड डोळ्यांवरचा विश्वास घालवला होता.

“नजर तुमची झकास आहे,” बाबूजी म्हणाले. “याची खराब आहे. ऑपरेशन याचं कराले पाह्यजे होतं.” बायका हसल्या, मावशीही हसल्या, मी पोती उतरवली.

परत येताना बाबूजींच्या मांडीवर परत आणलेल्या नव्या तांदळाची एक मूठ होती. त्यांनी काळा चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा मिटला, तांदळाकडे पाहिलं. मग तो उघडला, दुसरा मिटला. पुन्हा तसंच केलं. मला वाटलं डोळा दुखतो.

“गंमत आहे गा,” ते म्हणाले. “या डोळ्यानं पाहातो तं हळदीवानी पिवळा. या ऑपरेशनच्या डोळ्यानं पाहातो तं पांढरा फक. एवढा पांढरा असते हा?”

मी टेम्पो बाजूला घेतला.

म्हणजे मोतीबिंदू चढत गेला ती सगळी वर्षं बाबूजींना आमच्या दुकानातला प्रत्येक दाणा माझ्या दिव्यांखाली दिसतो तसाच दिसत होता. नवाही पिवळा, जुनाही पिवळा. आणि त्या काळात एक पोतं चुकीचं गेलं नव्हतं. मी तीन आठवड्यांत लग्न बुडवायला निघालो होतो.

“मग तुम्ही ओळखत कसे होता?”

त्यांनी पायाजवळच्या नमुन्याच्या पिशवीतला जुना तांदूळ काढला आणि दोन्हींतले चार-चार दाणे माझ्या दोन तळहातांवर ठेवले. “मिट डोळे. चाव.”

मी डोळे मिटले, चावले, विचार केला आणि ठामपणे उत्तर दिलं. चुकलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं नागपूरला गेलो, खिशात तांदळाच्या सहा पुड्या. बाबूजींनी काउंटरवर तांदूळ पसरला आणि विक्रेत्याला एकेक दिवा लावायला लावला. ते एक डोळा मिटत, दुसरा मिटत, मान हलवत. चौथ्या दिव्याला थांबले. “हा. हा दारासारखा आहे.” पट्टी तीच राहिली, नऊ दिवे बदलले. विक्रेता मला हळूच म्हणाला, “पहले ही ले आते सर, माल.”

दिवे चांगले आहेत, उन्हाच्या अगदी जवळचे. तरी मावशी आजही मूठ भरून दारात जातात. आता मी आडवा होत नाही. माझीही मूठ भरतो, त्यांच्या शेजारी उभा राहतो, आणि उत्तर देण्याआधी दोन दाणे दाढेखाली धरतो.