सावल्या मोजणारी आत्या

माझ्या आत्यानं घरातली एकही वस्तू तिच्या ठरलेल्या कामाला म्हणून कधी लावली नाही. पोलीस ॲक्शननंतर गावोगाव मराठी शाळा निघाल्या, तेव्हा ती पिशोरला प्राथमिक शिक्षिका झाली आणि तिच्या स्वयंपाकघराला उतरती कळा लागली. मी तिच्याकडंच शिकायला होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. चहाची गाळणी गढूळ पाणी गाळायला शाळेत गेली ती गेलीच. आतोबांचा दाढीचा आरसा उन्हाचे कवडसे पाडायला गेला, आणि बिचारे आतोबा वर्षभर खिडकीच्या काचेत बघून दाढी करत राहिले. शहागंजच्या बाजारात तिच्यासोबत खरेदीला जायची तर मला भारी लाज वाटे. हंडी आधी पाण्यावर तरंगवायची, मग पदराच्या गाठीतलं लोहचुंबक लावून बघायचं. दुकानदार एकदा वैतागला, "बाईजी, हंडी लेनी है के इम्तिहान?" आत्या म्हणाली, "दोन्ही."

एकदा तिनं पोरांना मटकी भिजवून रोज मोड मोजायला सांगितले. तिसऱ्या दिवशी निम्म्या वर्गाच्या वह्या कोऱ्या. "बाई, आईनं फोडणी दिली!" आत्या शांतपणे म्हणाली, "मग चव कशी होती ते लिवा. निरीक्षण म्हंजी निरीक्षण."

पण तिचा खरा जीव सावलीच्या प्रयोगात. दर सोमवारी भर दुपारी अंगणात हातभर काठी रोवायची, सावली सगळ्यात आखूड झाली की तेवढा दोरा कापून भिंतीवर डकवायचा. धनगराची गिरजा यात सगळ्यांत तरबेज. दिवाळीनंतर तिचे वडील तिला घेऊन मेंढरांमागं निघाले, तेव्हा आत्यानं हात जोडले, "दादा, परीक्षेला तरी पोरीला आणा हो." ते म्हणाले, "बघू, बाई." आत्यानं गिरजेला काठी दिली, दोऱ्याचं रीळ दिलं. परीक्षा झाली. गिरजा आली नाही, पण आत्यानं हजेरीतून तिचं नाव काढू दिलं नाही.

जूनमध्ये वडील एकटेच वर्गाच्या दाराशी आले. "लगीन केलं तिचं, वैशाखात. ह्ये तुमाला द्या म्हनली." फडक्यात दोऱ्यांची जुडी होती. आत्यानं ते दोरे फरशीवर ओळीनं मांडले. पौषापर्यंत लांबत गेलेले, मग आखडत आलेले. एकही सोमवार सुटला नव्हता. शेवटचा बोटभर दोरा हळदीनं पिवळा झाला होता.

"हळद लागली व्हती, तरी ऐकंना," वडील खाली बघत म्हणाले. "काठी रोवून उन्हात बसली."

मला त्यांचा असा राग आला होता! "एकदाबी चुकली नाय हो माझी पोरगी," असं म्हणत आत्या मात्र आम्हा सगळ्या पोरांदेखत फरशीवर बसून रडली.