मोटर वेळेवर पोचली

आमच्या सावरखेडची माणिकबाई फुलं विकायची. नवरा भगवंत लवकर गेला. मुलगी शकुन अकोल्याला, जुन्या शहरात दिलेली. माणिकबाईच्या बापाला मुलगा नव्हता. त्यानं मरायच्या आधी नाल्याकाठची एक बागाईत पट्टी लेकीच्या नावानं घेऊन ठेवली, विहिरीसकट. तिच्यात ती शेवंती, मोगरा, झेंडू लावायची. मोट हाकायला गडी होता, पण बाकी सारं तिचं तिनंच करायचं. सकाळी अंधारात फुलं तोडायची, ओल्या फडक्यात बांधायची आणि मोटरीनं अमरावती गाठायची. अंबादेवीच्या देवळासमोर तिची जागा ठरलेली होती.

मोटर आमच्याच गावच्या खुशालरावांची. रात्री ती त्यांच्या वाड्यापुढं उभी राहायची आणि सकाळी तिथूनच निघायची. त्यामुळं पहिली बसणारी माणिकबाई. ती खिडकीपाशी बसायची आणि शेजारच्या बाकावर फुलांचं टोपलं ठेवून द्यायची. पुढच्या गावाला नत्थुजी चढायचे, ते अमरावतीला कापडाच्या दुकानात मुनीम होते. त्याच्या पुढं बेबीताई, मुलींच्या शाळेतल्या मास्तरीण. तोवर मोटर भरून जायची, माणसं दारात लोंबकळायची, पण या दोघांना जागा मिळायची, कारण टोपलं उचललं जायचं ते फक्त त्यांच्यासाठी. कोणी भांडलं तर माणिकबाई सरळ तोंडावर सांगायची, "हे रोजचे हायेत. तुमी काय, आज हाये अन् उद्या नाई." बेबीताईंना ती रोज एक वेणी द्यायची. पैसे कधी घेतले नाहीत. नत्थुजी तिला बाजारातल्या गोष्टी सांगत, आपल्या डब्यातली चटणी देत. वर्षानुवर्षं असं चाललं. नत्थुजी म्हणायचे, "माणिकबाई, आपलं हे मोटरीतलं घर हाये." तिला ते खरं वाटायचं.

भगवंताचा धाकटा भाऊ सहदेव. भाऊ असेतोवर गप्प होता. शकुनचं लग्न झालं, घरात माणिकबाई एकटी राहिली, तेव्हा त्यानं दावा लावला की ती पट्टी माझ्या भावाच्या कमाईची आहे, घराण्याची आहे, त्याच्या सासऱ्याचं नाव उगाच सांगतात. दावा अमरावतीच्या कोर्टात होता. गंमत अशी, की गावातून निघणारी मोटर एकच, त्यामुळं वादी आणि प्रतिवादी एकाच मोटरीनं कोर्टात जायचे. सहदेव पुढं ड्रायव्हरजवळ बसायचा, ही मागं. उतरल्यावर दोघं वेगवेगळ्या वाटेनं कचेरीत शिरायचे.

लढाईची वर्षं होती. रॉकेल मिळत नव्हतं, पेट्रोल कुपनावर मिळायचं. मोटर कधी यायची, कधी नाही. माणिकबाईच्या दोन तारखा अशाच बुडाल्या. एकदा मोटर सुटलीच नाही, एकदा वाटेत टायर फुटला. तिच्या वकिलांनी दोन्ही वेळा मुदत मागून घेतली. दुसऱ्यांदा मुदत देताना मुन्सफ म्हणाले, पुढच्या वेळी बाईची जबानी झालीच पाहिजे, आता कारण ऐकणार नाही. वकिलांनी माणिकबाईला तसं बजावलं. ती म्हणाली, "मी आदल्या रोजीच येतो." पण आदल्या दिवशी कोणाकडं उतरायचं? आणि फुलं कोण तोडणार? शेवटी खुशालरावांकडं जाऊन तिनं विचारलं, "उद्या मोटर जाईन ना जी?"

"जाईन ना. काहून नाई जाणार?" खुशालराव म्हणाले. "माह्या शब्दावर इसवास ठेव."

दुसऱ्या दिवशी मोटर वेळेवर सुटली. नत्थुजी चढले, बेबीताई चढल्या. माणिकबाईनं त्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि सारखी पुटपुटत होती. बेबीताईंनी विचारलं तर म्हणाली, "साहेबापुढं काय सांगाचं ते घोकून राहिली." दोघांनी तिला धीर दिला. अर्धी वाट सरली आणि मोटर गचके खात, एका ओसाड जागी, बाभळींच्या रांगेपाशी बंद पडली.

ड्रायव्हर गोवर्धन खाली उतरला. त्यानं टाकीत काडी घालून पाहिली, आणि टोपी काढून तोंड पुसलं. माणसं उतरली. कोणी म्हणालं ढकलू, कोणी म्हणालं इंजिन तापलं असेल. माणिकबाई गोवर्धनच्या मागं बाभळीपर्यंत गेली.

"काय झालं रे? खरं सांग."

गोवर्धन गावातलाच पोरगा, तिच्या डोळ्यांसमोर वाढलेला. तो खालच्या आवाजात म्हणाला, "काकू, पेट्रोल नाई. मालकानं राती टाकीतून काढून घेतलं. कापसाच्या जिनवाल्याले इकलं. मले म्हणे, पुरते तेवढ्यात."

"अन् आता?"

"आता पायी जाऊन कोठून तरी आणतो. कोठून आणू, ते मलेच मालूम नाई."

तो गेला. ऊन चढत चाललं. होळी होऊन गेलेली, रस्त्याला सावली नाही, बाभळीची सावली ती केवढी. माणसं आधी खुशालरावांना शिव्या देत होती, मग सरकारला, मग लढाईला, मग गप्प बसली. माणिकबाई रस्त्याच्या मधोमध उभी होती. सहदेव मोटरीच्या फूटबोर्डावर बसून विडी ओढत होता. त्यालाही तारीख होती. पण मुन्सफ म्हणाले होते ते हिच्याबद्दल, त्याच्याबद्दल नाही.

बऱ्याच वेळानं मागून सरकीच्या पोत्यांची एक लारी आली. माणसं हात वर करून रस्त्यात आडवी उभी राहिली. लारीवाला म्हणाला, पोत्यांवर चारपाच जण बसतील, जास्त नाही, स्प्रिंगचा पाटा तुटेल. मग जे झालं ते बघण्यासारखं नव्हतं. रोज 'या ताई, बसा भाऊ' म्हणणारी माणसं एकमेकांच्या धोतराला धरून खाली ओढत होती. सहदेव आधी चढला. नत्थुजी उतारवयाचे, पण तेही चढले. बेबीताईंना कोणीतरी हात दिला. माणिकबाई टोपलं खाली ठेवून चाकावर पाय देऊन अर्धी वर गेली होती.

"जागा नाई वैनी," वरून सहदेव म्हणाला.

"नत्थुजी, सरका ना जी थोडे! मले तारीख हाये, तुमाले मालूम हाये."

नत्थुजींनी इकडंतिकडं पाहिलं. "काय सरकू माणिकबाई, मीच पडून राहिलो."

"बेबीताई!"

बेबीताईंच्या शेजारी त्यांची पिशवी होती. ती मांडीवर घेतली असती तर एक माणूस मावलं असतं. त्यांनी पिशवीवर हात ठेवला आणि दुसरीकडं पाहिलं. लारीवाल्यानं ओरडून सांगितलं, आता कोणी चढलं तर मी सगळ्यांनाच उतरवीन. लारी हलली. माणिकबाईचा पाय चाकावरून घसरला.

"कोर्टात सांगा जी," ती मागून ओरडली. "मोटर बंद पडली म्हणा! एवढं तरी सांगा!"

"सांगतो, सांगतो," नत्थुजींनी हात हलवला.

मागं राहिलेले काही झाडाखाली बसले. ती चालू लागली. टोपलं तिथंच रस्त्याच्या कडेला राहिलं. पायांत वहाणा नव्हत्या, मोटरीत बसायला कशाला लागतात. डांबर तापलं तेव्हा ती कडेच्या मातीतून चालली, मातीत काटे लागले तेव्हा पुन्हा डांबरावर आली. वाटेत एका बैलगाडीनं थोडं अंतर नेलं. कचेरीत पोचली तेव्हा दुपार उलटून गेली होती, आवारात वकील चहा पीत होते.

"आता आलीस?" वकील म्हणाले. "तुझं नाव पुकारलं, तीनदा पुकारलं. मी काय सांगणार? पक्षकार नाही म्हणून सांगितलं. एकतर्फी निकाल झाला, तुझ्या विरुद्ध."

"माहा दीर होता ना आतमधी? तो माह्याच मोटरीत होता. तो बोलला नाई?"

वकील हसले. "तो कशाला बोलेल बाई?"

"अन् नत्थुजी? कापडवाले?"

"कोण नत्थुजी?"

नत्थुजी कोर्टात आलेच नव्हते. दुकानाला उशीर झाला होता.

तरी वकिलांनी धीर दिला. मोटर बंद पडली हे शाबीत झालं तर हा निकाल रद्द होतो, पुन्हा सुनावणी होते. फक्त कोणीतरी शपथेवर सांगायला हवं. माणिकबाईला वाटलं, त्यात काय, सारी मोटर साक्ष देईल.

ती आधी नत्थुजींकडं गेली. ते बरं म्हणाले. बेबीताई तर रडल्या, म्हणाल्या, "माझ्याकडून चुकलं माणिकबाई, मी नक्की सांगेन." पण ही गोष्ट खुशालरावांच्या कानावर गेली. मोटर का बंद पडली असं कोर्टात कोणी विचारलं, की पेट्रोल कुठं गेलं ते निघणार, आणि मग परवाना जाणार, वर तुरुंग. खुशालराव कोणावर ओरडले नाहीत. ते फक्त एकेकाच्या घरी जाऊन बसले. नत्थुजींच्या जावयाला मोटरीवर तिकिटं फाडायचं काम मिळालं. बेबीताईंना ते म्हणाले, "ताई, मोटर माही हाये. कोणाले बसवाचं, कोणाले नाई, हे मीच ठरवतो."

बेबीताई स्वतः माणिकबाईकडं आल्या, तेवढं त्यांनी केलं. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "माझी नोकरी त्या मोटरीवर आहे," त्या म्हणाल्या. "मोटर नाही तर शाळा नाही. घरी आई आहे, लहान भाऊ आहे. तुम्ही समजून घ्या."

"मी समजली," माणिकबाई म्हणाली. "पन माही बाग कोनावर हाये, ते तुमी समजल्या काय?"

बेबीताई उंबऱ्यावरूनच परत फिरल्या.

अर्ज चालला त्या दिवशी माणिकबाईच्या बाजूनं कोणीच उभं राहिलं नाही. सहदेवच्या बाजूनं गोवर्धनला उभं केलं. त्यानं शपथ घेतली आणि खाली बघत सांगितलं, "मोटर वेळेवर पोचली साहेब."

"वाटेत थांबली नाही?"

"नाई साहेब."

माणिकबाई कठड्याशी उभी होती. "गोवर्धन, माह्याकडं पाहून बोल!" ती म्हणाली. शिपायानं तिला गप्प केलं. गोवर्धननं पाहिलं नाही. तो लग्न झालेला, दोन लेकरांचा बाप होता, आणि खुशालरावांच्या वाड्यातच एका खोलीत राहत होता. अर्ज फेटाळला गेला. कोर्टाच्या लेखी त्या दिवशी मोटर वेळेवर पोचली होती, आणि माणिकबाई आळसानं घरी राहिली होती.

पुढं अपील करायला तिच्यात त्राण नव्हतं. सहदेवनं पट्टीचा ताबा घेतला. फुलझाडं त्याला ठेवायची नव्हती. ती उपटून बांधावर टाकली, काही दिवस वाळत पडली होती. मोगऱ्याची मुळं खोल गेलेली, ती निघेनात, म्हणून त्यानं जाळली. पुढच्याच वर्षी त्यानं जमीन खुशालरावांना विकली. तिथं खुशालरावांनी पत्र्याची शेड घातली आणि दुसरी मोटर घेतली.

माणिकबाई अकोल्याला लेकीकडं गेली. जावई चांगला होता, पण तिला बसून खाणं जमेना. मोर्णा नदीच्या काठी माळ्यांच्या मळ्यांमधून भाजी घेऊन ती जुन्या शहरातल्या गल्लीत दुकान लावू लागली. फुलांचा धंदा तिनं पुन्हा केला नाही. शकुननं एकदा विचारलं तर म्हणाली, "भाजी बरी. इकली नाई तर खाता येते."

लढाई संपल्यावर बेबीताईंची बदली अकोल्याला झाली. एका सकाळी बाजारात त्यांना माणिकबाई दिसली. त्या समोर येऊन उभ्या राहिल्या, डोळे भरून आले.

"माणिकबाई, मी बेबी. मला कितीतरी दिवस तुम्हाला भेटायचं होतं. रात्र रात्र झोप लागत नाही हो मला."

माणिकबाईनं वर पाहिलं. ओळखलं तर लगेच होतं. केस थोडे पिकलेले, पण तीच कापडी पिशवी, तेच घाबरल्यासारखं बोलणं.

"मी तेव्हा बोलायला हवं होतं," बेबीताई म्हणाल्या. "तुम्ही मला काहीतरी बोला. शिव्या द्या."

"कायले देऊ?" माणिकबाई म्हणाली. "माहं गेलं ते गेलं. आता तुमाले झोप यावी म्हणून मी काय करू?"

बेबीताई तशाच उभ्या होत्या.

"वांगे घेता का? घेत असान तर पिशवी धरा. नाई तर सरका, मांगं बाया उभ्या हायेत."

बेबीताईंनी वांगी घेतली. माणिकबाईनं तोलून दिली, वर एक जास्त टाकलं नाही, एक कमीही केलं नाही, आणि मागच्या बाईला विचारलं, "बोल वो, तुले काय पाहिजे?"