माग थांबवणारा खटका

हळद-कुंकवाचं ताट समोर आलं आणि मशीनला कुंकू लावायला मी हात पुढं केला. बोटाला कुंकू लागलंही होतं. तेवढ्यात माझ्याच ग्रुपमधल्या अभिजितनं आमच्या गाईड सरांच्या कानात काहीतरी सांगितलं. सरांनी माझ्याकडं पाहिलं नाही. म्हणाले, "राहू दे. अभिजित, तू लाव. आणि तू गं, जरा मागं सर."

ताट धरलं होतं लॅबच्या शिपाई मामांनी. मिनिटभरापूर्वी तेच म्हणाले होते, "पोरीच्या हातनं होऊ द्या की सर. लक्ष्मी हाय." आता त्यांनी खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि ताटाची कड पुसली. माझं बोट टेकलं होतं तेवढीच. मग ताट अभिजितपुढं धरलं. नारळ फुटला. खोबरं वाटलं. माझ्याही तळहातावर एक तुकडा पडला. वरून. बोट लागणार नाही असा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरातलं इंजिनिअरिंग कॉलेज, मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेचा दिवस. आमच्याकडं नवं मशीन सुरू करायचं म्हणजे आधी पूजा. कारखान्यात होते, तशी कॉलेजातही. मशीन आमच्या चौघांच्या ग्रुपचं. तीन पोरं आणि मी. मेकॅनिकलला मुलगी मी एकटीच.

माझी जात सरांना माहीत नव्हती असं नाही. पहिल्या वर्षी प्रवेशाची यादी भिंतीवर लागली होती, नावापुढं प्रवर्ग लिहून. सगळ्या कॉलेजनं ती वाचली होती. त्या दिवशी सर विसरले, एवढंच. अभिजित विसरला नव्हता.

माझे वडील इचलकरंजीत दुसऱ्याच्या मागावर कापड विणायचे. मागावर उभे धागे शेकड्यांनी असतात. एखादा तुटला आणि विणणाऱ्याच्या ध्यानात आलं नाही, तर माग तसाच चालत राहतो आणि कापडात फट पडत जाते. मग मालक चारचौघांत आईबहिणीवरून शिव्या घालायचा. वडील मान खाली घालून ऐकायचे. मी डबा घेऊन गेलेली असायचे, मीही ऐकायचे. धागा तुटला की माग आपोआप थांबला पाहिजे, हे माझ्या डोक्यात तिथंच शिरलं. महागड्या मागांना ही सोय असते. मला ती साध्या मागाला, भंगारातल्या पत्र्यातून करायची होती. त्यासाठी एक जुना लहान माग कॉलेजात आणला होता. प्रत्येक धाग्यावर पत्र्याची एक पीन लटकवायची. धागा तुटला की पीन खाली पडते, करंट सुरू होतो आणि एक खटका मागाचं हँडल मागं ढकलतो. माग बंद.

विषय माझा. पण सरांनी पहिल्याच दिवशी कामं वाटून दिली. "मुलीनं रिपोर्ट बघायचा. मशीन पोरं करतील."

पोरं कसली करतायत. आमच्या कॉलेजची रीतच होती. उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपला प्रोजेक्ट सांगायचा आणि रंग ओला असतानाच टेम्पोत घालून आणायचा. अभिजितच्या तर घरचीच फाउंड्री. म्हणाला, "आमच्या फिटरला सांगतो. तू कशाला हात काळं करतीस?" मी ऐकलं नाही. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये व्हाइसला पत्रा आवळून एकेक पीन कानशीनं घासली. खटक्यानं तर जीव खाल्ला. कधी धागा तुटला तरी ढिम्म, कधी धागा शाबूत असताना उडायचा. बोटं सोलून निघाली. पोरं मधूनच डोकावून म्हणायची, "बास की आता, मार्क मिळत्यातच." आणि कँटीनला जायची. एक दिवस खटका बरोबर धागा तुटल्यावरच बसला. मी तिथंच जमिनीवर बसून रडले. एवढा आनंद मला त्याआधी कशानंच झाला नव्हता.

आणि आता त्याच मशीनपासून मला हटवलं होतं. भिंतीला टेकून उभी राहिले तेव्हा पहिला राग आला तो माझ्याच हाताचा. आमच्या घरात पूजा नाही. धर्मांतर केलं तेव्हा आजोबांनी घरातले देव पंचगंगेत सोडले. वडिलांनी जन्मात नारळ फोडला नाही. आणि त्यांची शिकलेली लेक, ह्यांच्यातली एक दिसावी म्हणून त्या ताटाकडं हात नेत होती. जे आम्ही स्वतः टाकून दिलं, तेसुद्धा हे लोक मला देत नव्हते. 

बाहेरचे परीक्षक आले. चहा झाला. सरांनी ओळख करून दिली. "मशीन ह्या तिघांनी केलंय. हिनं रिपोर्ट लिहिलाय. अक्षर छान आहे तिचं."

रिपोर्ट टाइप केलेला होता.

अभिजितनं कात्रीनं एक धागा कापला. पीन पडली, खटका बसला, माग थांबला. परीक्षक खूश. "वा. कल्पना कुणाची?"

"टीमवर्क आहे सर," अभिजित म्हणाला.

खटक्याबद्दल त्यांनी बरंच विचारलं. अभिजितनं काहीबाही ठोकून दिलं, आणि तेही मान डोलवत राहिले. मी पुढं झाले. "सर, खटका मी बनवलाय. मला विचारा."

परीक्षकांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "आडनाव काय तुझं?"

"ते रिपोर्टवर आहे. प्रोजेक्टवर विचारा."

गाईड सर ताडकन उठले. "ही काय बोलायची पद्धत? सवलतीत आलाय, जरा नमतं घ्यायला शिका." परीक्षक हसले. "जाऊ द्या हो. पुढचा ग्रुप बोलवा." मला त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

सरांनी तिथंच पोरांना सांगितलं, "मशीन नीट बांधून ठेवा. पुण्याच्या प्रदर्शनाला न्यायचंय. तुम्ही तिघं चला." मग माझ्याकडं वळून, "मुक्काम असतोय. मुलीला कुठं नेणार?"

मी टेबलावरचा पाना उचलला आणि खटक्याचे बोल्ट सोडवायला लागले. अभिजित माझं मनगट धरायला धावला आणि मध्येच थांबला. शिवायचं की नाही, हाच घोळ झाला असावा बिचाऱ्याचा.

"ठेव ते खाली," सर म्हणाले. "कॉलेजची प्रॉपर्टी आहे."

चार वर्षं मी घरची बोली कॉलेजात तोंडातून येऊ दिली नव्हती. ती आली. "माझं हाय. ठिवणार न्हाई."

"मार्क माझ्या हातात आहेत तुझे."

"मग द्या काय द्यायचं ते."

खटका घेऊन मी बाहेर पडले.

चौघांत सगळ्यात कमी मार्क मला मिळाले. त्यात फर्स्ट क्लास गेला, आणि फर्स्ट क्लास नाही म्हणून कितीतरी कंपन्यांनी दारातूनच परत पाठवलं. अभिजितनं घरच्या फिटरकडून दुसरा खटका करून घेतला. मशीन पुण्याला गेलं. बक्षीस घेऊन आलं. पेपरात तिघांचा सरांबरोबर फोटो आला. वडिलांनी तो बराच वेळ बघितला. म्हणाले, "नमतं घेतलं असतंस तर?"

मी म्हणाले, "तुमी आयुष्यभर घेतलासा. काय मिळालं?"

त्यांनी पेपराची घडी घातली. मला त्यांचं वाईट वाटलं, पण शब्द मागं घेतला नाही.

पुढं नोकऱ्या मिळाल्या, सुटल्या. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी गोड आवाजात सांगतंच, डिझाइन तुम्ही करा मॅडम, मीटिंगला आमचे साहेब बोलतील. मी कागद आवरते आणि उठते. भांडकुदळ म्हणतात, म्हणू देत. त्या सरांना मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. ज्यांना माझं नाव घ्यायला जड जातं, त्यांच्यासाठी माझे हात चालणार नाहीत. उपाशी राहावं लागलं तरी नाही.