चाळीस मिनिटांचं गाणं आणि वरचा हूटर

रायपूरजवळ सिलतऱ्याच्या आमच्या प्लांटमध्ये फळ्यावर दोन-दोन नावं जोडीनं लिहितात. शिफ्ट सुरू होताना सुपरवायझर खडूनं ती लिहितो आणि पुढचे आठ तास ती दोन माणसं एकमेकांची जबाबदारी असतात. गॅस सुटल्याचा इशारा देणारा हूटर वाजला की आधी पळायचं नाही. आधी जोडीदार शोधायचा, त्याला घेऊन मोकळ्या मैदानात यायचं आणि मग हजेरी द्यायची. एकट्या आलेल्या माणसाला हजेरीत धरत नाहीत. बाकीचे नियम आम्ही सोयीप्रमाणे वाकवतो. हेल्मेटचा पट्टा कोण लावतो? पण जोडीचा नियम कोणी मोडल्याचं माझ्या इतक्या वर्षांत मी पाहिलं नव्हतं. तो मोडणारा पहिला मी निघालो, आणि त्यापायी एका म्हाताऱ्या माणसाची नोकरी जायला आली होती.

माझं काम स्पंज आयर्नच्या भट्टीवर, वरच्या प्लॅटफॉर्मवर. भट्टी म्हणजे आडवी पडलेली लांबलचक लोखंडी नळी. ती रात्रंदिवस हळूहळू फिरत असते. तिच्या अंगावर हवा मारणारे पंखे इतका आवाज करतात की शेजारी उभा माणूस ओरडला तरी त्याचे नुसते ओठ हलताना दिसतात. म्हणून कानात रबरी प्लग घालायचे, आणि म्हणूनच वर एक वेगळा, मोठा हूटर बसवलेला आहे. मी प्लगच्या जागी इअरफोन घालायचो. मोबाइल आत न्यायला बंदी आहे, पण माझ्या वर्दीला आतून एक खिसा होता. तो मी स्वतः शिवला होता.

आता ऐकायचो काय, तर जर्मनीतला एक बँड. रायपुरात तो ऐकणारा मी एकटाच असेन, आणि याचा मला नको तितका गर्व होता हेही कबूल करतो. महायुद्धानंतर जन्मलेल्या तिथल्या पोरांना ना बापाची गाणी हवी होती ना अमेरिकेतून आलेली. त्यांनी वेगळंच काढलं. एकच ठेका धरायचा आणि सोडायचाच नाही. ना अंतरा, ना धृपद. त्यावर यंत्रांची घरघर, उलटी फिरवलेली टेप, भोंगे, जे सापडेल ते चढवायचं. ती पिढी थकली, पांगली. हा बँड त्यांच्या नंतरचा. इतरांनी अडगळीत टाकलेली ती रीत यांनी उचलली आणि कित्येक वर्षं, माणसं बदलली, केस पिकले तरी चालू ठेवली. लोक त्याला सायकेडेलिक रॉक म्हणतात. मला त्यातली नशाबिशा कळत नाही. मला ती भट्टी वाटायची. फिरतेय, फिरतेय, आणि वीस मिनिटांनी लक्षात येतं की काहीतरी बदललं, पण केव्हा ते सांगता येत नाही.

घरी या प्रेमाची टिंगलच व्हायची. बायको पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "हे गाणं सुरू कधी होते?" आणि कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या इलेक्ट्रिशियन काकांनी एकदा माझा एक इअरफोन आपल्या कानात घातला, डोळे मिटून दोन मिनिटं ऐकलं आणि परत दिला. "पोट्ट्या, हे तं बोअरवेलची मोटर आहे. पाणी काहून नाही येऊन राहिलं?"

हे काका मूळचे गोंदियाकडचे, आमच्याच पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले. जयंतीला मिरवणुकीच्या गाडीवरचा माइक तेच जोडतात, बुद्धविहारातली ट्यूबलाइट तेच बदलतात. मला प्लांटमध्ये चिकटवलं त्यांनीच. ठेकेदाराकडे कामाला, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. वरच्या प्लॅटफॉर्मवरचा हूटर त्यांच्याच देखरेखीत होता. उंदरानं कुरतडलेली त्याची वायर त्यांनी, ही गोष्ट घडली त्याच आठवड्यात, बदलली होती.

त्या गुरुवारी बँडची नवी रेकॉर्ड आली. चाळीस मिनिटांचा एकच तुकडा. मला धीर नव्हता. दुपारी अडीचच्या सुमाराला भट्टीचं तापमान लिहून झालं, मी रेलिंगला टेकलो आणि ती लावली. माझा जोडीदार खाली होता, लोखंड थंड करणाऱ्या कूलरच्या तोंडाशी साचलेला माल सळईनं मोकळा करत. तो छत्तीसगढी, धरसींवाकडच्या गावचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा आणि माझ्याहून फार कमी बोलणारा. वर जाताना मी त्याला हात केला होता. त्यानं नुसतं "हव", म्हणजे हो, म्हटलं.

पहिली पंधरा मिनिटं नुसता ठेका. मग लांबून एक भोंगा आला. बारीक सुरू झाला, वर चढला, खाली उतरला, परत चढला. ठेक्याशी त्याचं जमत नव्हतं, तरीही जमत होतं. माझ्या अंगावर काटा आला. मनात म्हटलं, वा रे म्हाताऱ्यांनो, अजून तुमच्यात दम आहे! मी डोळे मिटले.

खांद्यावर हात पडला तेव्हा डोळे उघडले. मास्क लावलेला एक माणूस मला जिन्याकडे ढकलत होता. खाली चार जण माझ्या जोडीदाराला हातापायांना धरून बाहेर नेत होते. त्याची मान मागे लोंबत होती. मी इअरफोन ओढून आतल्या खिशात कोंबले. हे मात्र मी अगदी शुद्धीत केलं.

मैदानात सगळी माणसं जोडीजोडीनं उभी होती. हजेरीत आम्ही दोघंच कमी पडलो, म्हणून ते शोधायला आले होते. हूटर सुरू झाल्यापासून सात मिनिटं गेली होती. सेफ्टी ऑफिसरनं मला विचारलं, "तुम गये क्यों नहीं उसके पास?" आणि मी म्हणालो, "साहब, ऊपर का हूटर बजा नहीं."

त्या क्षणी मला ते खोटं वाटलं नाही. मी स्वतःला सांगितलं की मी गाणं ऐकत होतो, हूटर नाही. इअरफोनचं सांगायचं राहून गेलं इतकंच. माणूस स्वतःला किती लवकर पटवतो! संध्याकाळी वरचा हूटर तपासला तेव्हा तो व्यवस्थित वाजला. ऑफिसर म्हणाला, लूज कनेक्शन असेल, कधी वाजतं कधी नाही. वायर कोणी बदलली होती? काकांचा गेटपास शुक्रवारी सकाळी काढून घेतला. सोमवारी चौकशी होती. त्यात हूटरचा दोष ठरला की काकांचं नाव कायमचं कटणार, आणि तो दोष ठरवणारा साक्षीदार एकच होता, मी.

शुक्रवारी दवाखान्यात गेलो. गॅस लागूनही जोडीदार वाचला होता. नाकाला ऑक्सिजनची नळी, डोळे लाल. त्याची बायको मला पाहून उठली, बसायला स्टूल दिलं. मला वाटलं, आता हा विचारेल. तो छताकडे बघत मलाच सोडवल्यासारखं म्हणाला, "हूटर नइ बाजिस होही." वाजला नसेल हूटर. मला त्याचा राग आला. खरंच आला. या माणसाला माझ्यावर ओरडता येत नाही का? मी स्टूलवरून उठलो आणि डॉक्टरांना भेटतो असं सांगून बाहेर पडलो. कुठल्याच डॉक्टरला भेटलो नाही.

काका शनिवारी सकाळी घरी आले. चहा घेतला नाही. माझ्या समोर खुर्ची ओढून बसले आणि हळू आवाजात बोलले, बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून.

"मी त्या वायरचे दोन्ही जोड डाग मारून पक्के केले होते. बुधवारी तीनदा वाजवून पायला. तुले खरंच नाही आला ऐकू?"

"नाही आला, काका."

"आठव बरं नीट. पंख्याच्या आवाजात दबला असंन."

"नाही वाजला तो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्यांना तेव्हाच कळलं होतं, पण ते इअरफोनचं काहीच बोलले नाहीत. बसमध्ये त्यांनीच तर कानात घातले होते ते. एक शब्द त्यांनी ऑफिसरला सांगितला असता तर माझीच नोकरी गेली असती. "ठीक आहे मग," म्हणाले आणि चप्पल घालून गेले. मी दार लावलं आणि बराच वेळ कडीवरचा हात काढला नाही.

तिथून माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरायला लागली. तो भोंगा. रेकॉर्डमध्ये तो असेल तर मी खरोखरच फसलो होतो. मग मी चूक केली होती, पण लबाडी नाही. हूटर वाजलाही असेल, पण माझ्या कानांना दोष कसा देणार? अशा बँडच्या गाण्यात भोंगा असणारच! आणि नसेल तर? तो विचार मी पुढे नेत नव्हतो.

रविवारी दुपारी बायको गोल बाजारातून स्टीलचे डबे घेऊन आली, तेव्हा मी स्पीकर लावून बसलो होतो. "आजही तेच?" ती म्हणाली. मी म्हणालो, बस इथं, आणि मला भोंगा ऐकू आला की सांग. तिनं माझा चेहरा पाहिला आणि डबे तसेच खाली ठेवून बसली. तिला मी तोवर काही सांगितलेलं नव्हतं.

पाच मिनिटं ठेका. दहा मिनिटं. पंधराव्या मिनिटाला मी पुढे सरकलो. सोळा. ठेका तसाच, खाली तीच घरघर. सतरा. आता येईल, आता. एक गिटार आली, थोडी कुरकुरली, गेली. मी आवाज वाढवला. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतल्याचं ऐकू आलं. वीस. बायको माझ्याकडे बघत होती, स्पीकरकडे नाही. पंचविसाव्या मिनिटाला मी गाणं मागे नेलं आणि बारापासून पुन्हा लावलं. मग शेवटपर्यंत ऐकलं.

भोंगा नव्हता. चाळीस मिनिटांत कुठेच नव्हता.

आणि गंमत अशी की त्याच्याशिवाय ते गाणं मला जरा फिकंच वाटलं. हे मनात आलं आणि मला स्वतःची शिसारी आली. मी उठून स्पीकरची पिन उपटली. मग बायकोला सगळं सांगितलं. ती रागावेल, रडेल असं वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "तो माणूस खाली पडून राहिला होता, आन् तुमी वर गाणं ऐकून राहिले होते?" मी म्हणालो, गाणं नाही, हूटरच ऐकत होतो. ती डबे उचलून स्वयंपाकघरात गेली. नोकरीचं ती काहीच बोलली नाही, आणि मला ते बोलणं त्या क्षणी हवं होतं. कोणीतरी अडवायला हवं होतं.

सोमवारी चौकशीच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. सेफ्टी ऑफिसर, काका आणि मी. काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, जयंतीला घालतात तो. ऑफिसरनं माझं आधीचं बयान वाचून दाखवलं आणि सही करायला कागद पुढे सरकवला. पेन हातात घेतलं तेव्हा मला वाटलं, करावी सही आणि सुटावं. खोटं नाही सांगत, मी पेन टेकवलंही होतं.

"साहब, हूटर बजा था."

"क्या?"

"कान में इअरफोन था मेरे. लेकिन हूटर बजा था. मैंने सुना."

काका हलले नाहीत. ऑफिसरनं चष्मा काढला. इअरफोनचं कलम वेगळं, ते मी नंतर बघतो, म्हणाला. आधी हे सांग, गाण्याच्या आवाजात तुला तो हूटर आहे हे कळलं नाही, बरोबर? तो मला वाट काढून देत होता. चांगला माणूस होता. मी हो म्हटलं असतं तर तेवढ्यावर भागलं असतं.

"समझा नहीं कि हूटर है. पर आवाज सुनी, साहब. पूरी सुनी."

"तो देखा क्यों नहीं, क्या है? कान से इअरफोन निकाल के?"

या प्रश्नाचं उत्तर मी रविवारपासून चुकवत होतो. काकांकडे बघून ते देता येणार नव्हतं, म्हणून मी टेबलाकडे बघितलं.

"अच्छा लग रहा था, साहब."

काकांनी आपला माझ्या बाजूचा हात टेबलावरून उचलून मांडीवर घेतला. ऑफिसरनं पेन उघडलं, कागदावर नेलं आणि परत मिटलं. मग त्यानं जुनं बयान फाडलं, एक कोरा फॉर्म काढला आणि माझ्याकडे सरकवला. "ये मैं नहीं लिखूँगा. अपने हाथ से लिखो."

नाव, वय, शिफ्ट, जोडीदाराचं नाव, मी भरत गेलो. खाली एक रकाना होता, घटना के समय आप क्या कर रहे थे. त्यात मी लिहिलं, हूटर सुन रहा था.